एलिझाबेथ स्ट्रीट जिथे संपते

टोरांटोमध्ये डंडस स्ट्रीटवरून वळून एलिझाबेथ स्ट्रीटने दक्षिणेकडे चालू लागले, की थोड्याच वेळात रस्ता संपतो. समोर हॅगरमन नावाची आडवी गल्ली येते आणि तिच्या पलीकडे राखाडी काँक्रीटची एक प्रचंड भिंत उभी राहते. मे महिन्यातल्या एका दुपारी मी तिथे पोचले, तेव्हा त्या भिंतीसमोर एक तरुण जोडपे थांबलेले होते. मुलीच्या अंगावर गुडघ्यापर्यंतचा साधा पांढरा पोशाख आणि हातात फुलांचा लहानसा गुच्छ होता. मुलगा फोनवरचा नकाशा पुन:पुन्हा फिरवून पाहत होता. शहराच्या सिटी हॉलमध्ये तेव्हा नोंदणी पद्धतीची लग्ने लागत. त्यासाठी तिथे एक वेगळी खोली होती, आणि या दोघांच्या लग्नाची वेळ अगदी जवळ आली होती. नकाशाच्या मते सिटी हॉल इथेच होता. डोळ्यांना मात्र उंचच उंच, खिडकी नसलेली, उभ्या पन्हाळींची भिंत दिसत होती. ‘आत जायचे दार कुठे आहे?’ मुलीने मला विचारले. तिचा आवाज रडवेला नव्हता, पण त्यात घाई होती आणि थोडा अपमानही होता, आपल्याच समारंभाला आपल्याला कोणी आत घेत नसल्यासारखा. आम्ही तिघे बे स्ट्रीटच्या बाजूने जवळजवळ धावतच वळसा घालून पुढच्या चौकात आलो, आणि तिथून ती दोघे हात धरून काचेच्या दारांकडे गेली. त्यांचे लग्न वेळेवर लागले असावे, असे मी धरून चालते.

तो प्रसंग एवढाच होता, तरी तो मला पुढे कितीतरी दिवस छळत राहिला. सिटी हॉल मी त्याआधी अनेकदा पाहिला होता, पण नेहमी समोरून, क्वीन स्ट्रीटवरून, जसा तो चित्रांत आणि पोस्टकार्डांवर दिसतो तसा. समोरून पाहताना ती इमारत दोन्ही हात पसरून माणसाला आत बोलावते. तीच इमारत उत्तरेच्या वस्तीतून चालत येणाऱ्याकडे पाठ करून उभी आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आले. आणि त्याहून जास्त खटकला तो रस्ता. शहरातले रस्ते संपतात ते पाण्यापाशी, रेल्वेच्या रुळांपाशी, नाहीतर एखाद्या घळीच्या कडेला. एलिझाबेथ स्ट्रीट सरळ रेषेत येते आणि मध्येच तुटते. तिचा रोख पाहिला तर ती पुढे क्वीन स्ट्रीटपर्यंत जायला हवी.

ती एकेकाळी तशी जातही होती.

पण आधी समोरच्या बाजूविषयी लिहिले पाहिजे, कारण मला ती मनापासून आवडते आणि पुढे जे लिहायचे आहे त्याने ती आवड पुसली जाऊ नये. क्वीन स्ट्रीटच्या कडेला खाद्यगाड्या उभ्या असतात. त्यांच्या तळणाचा वास ओलांडून नेथन फिलिप्स स्क्वेअरमध्ये शिरले की जमीन एकदम मोकळी होते. उन्हाळ्यात समोर उथळ पाण्याचे लांबलचक कुंड असते, थंडीत त्याच कुंडाचा बर्फ होतो आणि त्यावर मुले-माणसे स्केटिंग करतात. कुंडावरून काँक्रीटच्या तीन कमानी गेल्या आहेत. त्यांतल्या एकीच्या पायाशी बर्लिनच्या भिंतीचा एक तुकडा ठेवलेला आहे. 2015 साली पॅन अमेरिकन स्पर्धांच्या निमित्ताने शहराच्या नावाची मोठी रंगीत अक्षरे कुंडामागे आली. ती थोड्या दिवसांसाठी होती, पण लोकांना इतकी आवडली की तिथेच राहिली. या सगळ्यामागे दोन वक्राकार मनोरे समोरासमोर उभे आहेत, पूर्वेकडचा 27 मजल्यांचा आणि पश्चिमेकडचा 20 मजल्यांचा, आणि त्यांच्या मधोमध बशीसारखे गोल, पांढरे सभागृह आहे. आकाशातून पाहिले तर दोन पापण्यांमध्ये बुबुळ असल्याचा भास होतो, म्हणून या इमारतीला शासनाचा डोळा असेही म्हटले गेले आहे. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला मात्र तो डोळा जाणवत नाही. त्याला दोन मनोऱ्यांच्या काचेच्या आतल्या बाजू दिसतात, त्यांच्यावरून सरकणारे ढग दिसतात, आणि सरोवराकडून येणारा वारा चौकात घुसून कमानींखालचे पाणी शहारवताना दिसतो. दोन्ही मनोऱ्यांची उंची सारखी नाही, हे मला या रचनेतले सर्वांत मोठे शहाणपण वाटते. ते सारखे असते तर तिथे स्मारकाचा ताठपणा आला असता. असमान असल्यामुळे त्यांच्यात एकमेकांकडे झुकल्याची ओढ आहे.

ही इमारत जवळजवळ उभीच राहिली नसती. 1955 साली टोरांटोच्या नव्या सिटी हॉलसाठी तीन स्थानिक वास्तुरचनाकार कंपन्यांनी मिळून एक आराखडा केला होता: सरळ, चौकोनी, चुनखडीच्या दगडाचा, कोणत्याही सरकारी कचेरीला शोभेल असा. टोरांटो विद्यापीठात वास्तुकला शिकणाऱ्या मुलांनी त्याचा जाहीर निषेध केला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस मतदारांनी मतपेटीतून तो नाकारला. मला या घटनेचे फार अप्रूप वाटते. कचेरीची इमारत कशी असावी, यावर विशीतल्या मुलांनी आपल्या गुरुजनांच्या पिढीला जाब विचारावा आणि सामान्य करदात्यांनी मतदान करून नको म्हणावे, असे किती ठिकाणी घडत असेल? पुढच्याच वर्षी मतदारांनी नव्या सिटी हॉलसाठी 1 कोटी 80 लाख डॉलर खर्चायला मंजुरी दिली. प्रत्यक्षात खर्च याच्याही बराच पुढे गेला, पण पाया घातला गेला तो या मतदानातच.

त्या काळचे महापौर होते नेथन फिलिप्स, ज्यांचे नाव आज चौकाला आहे. ते शहराचे पहिले ज्यू महापौर. त्यांच्याआधीच्या टोरांटोत महापौरपद म्हणजे ऑरेंज ऑर्डर या ब्रिटिशनिष्ठ प्रॉटेस्टंट संघटनेचे जवळजवळ राखीव आसन होते. स्वतः फिलिप्स 1954 च्या अखेरीस निवडून आले ते अशाच एका ऑरेंजवाल्या महापौराचा पराभव करून. रविवारी सारे काही बंद ठेवणाऱ्या, ब्रिटिश वळणाच्या, बेताच्या महत्त्वाकांक्षेच्या त्या शहराने बाहेरच्या जगाकडे पाहावे, असे या माणसाला मनापासून वाटत असले पाहिजे, कारण टोरांटो विद्यापीठातले वास्तुकलेचे प्राध्यापक एरिक आर्थर आणि त्यांच्यासारखे इतर जेव्हा आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा आग्रह धरू लागले, तेव्हा फिलिप्स त्यांच्या मागे उभे राहिले. 42 देशांतून 500 हून अधिक प्रवेशिका आल्या. एका थंड, शिस्तशीर, स्वतःपुरत्या शहरात जगभरातून आलेली लाकडी खोकी उघडली जात आहेत आणि प्रत्येक खोक्यातून त्या शहराचे एकेक वेगळे भविष्य बाहेर काढून टेबलावर मांडले जात आहे, हे दृश्य मी अनेकदा मनात रंगवले आहे.

परीक्षकांमध्ये ईरो सारिनेन होते, फिनलंडमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत नावारूपाला आलेले वास्तुरचनाकार. ते उशिरा पोचले, तोपर्यंत इतर परीक्षकांनी बरीच छाननी उरकली होती, आणि सारिनेन यांनी नाकारलेल्या आराखड्यांच्या ढिगातून एक बाहेर काढून तो पुन्हा विचारात घ्यायला लावला, अशी कथा टोरांटोत आजही सांगितली जाते. सिडनीच्या ऑपेरा हाउसबद्दलही त्यांच्याविषयी अगदी अशीच कथा आहे. एकाच माणसाबद्दल दोन खंडांत तीच गोष्ट सांगितली जात असेल, तर तिच्यात थोडी भर लोकांच्या आवडीची असणार. आराखडा होता विल्यो रेवेल या फिनिश वास्तुरचनाकाराचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा. अंतिम फेरीत आठ आराखडे होते. त्यांतल्या एकामागे आय. एम. पेई होते, आणि आणखी एका चमूत जॉन अँड्रूज नावाचा एक ऑस्ट्रेलियन विद्यार्थी होता. तो हरला, पण टोरांटोत आला आणि तिथेच राहून काम करू लागला. स्कारबरो कॉलेजची इमारत त्याची, आणि सी. एन. टॉवरच्या रचनेतही त्याचा हात. म्हणजे जी स्पर्धा एका इमारतीसाठी होती, तिच्यातून शहराला पुढच्या दोन दशकांचे चेहरे मिळाले.

रेवेल यांच्याबद्दल विचार करताना मन नेहमी जड होते. सप्टेंबर 1958 मध्ये त्यांचा आराखडा निवडला गेला, 1961 मध्ये बांधकाम सुरू झाले, आणि नोव्हेंबर 1964 मध्ये, वयाच्या 54 व्या वर्षी, ते वारले. उद्घाटन झाले 13 सप्टेंबर 1965 रोजी, गव्हर्नर जनरल जॉर्ज व्हानिए यांच्या हस्ते. दहा महिन्यांचा फरक. इमारत जवळजवळ पूर्ण झालेली त्यांनी पाहिली होती. मनोरे पूर्ण उंचीला गेलेले असणार, वक्र भिंतींचे साचे काढलेले असणार. पण इमारत लोकांनी भरलेली पाहणे राहून गेले. वास्तुरचनाकाराला आपली इमारत कधी दिसते, हा प्रश्न मला तेव्हापासून पडतो. कागदावर ती त्याला पूर्ण दिसलेली असते, पण त्या कागदावर थंडीत ओले बूट आपटत आत येणारा माणूस नसतो, आणि पाठीमागच्या गल्लीत गुच्छ घेऊन उभी असलेली मुलगीही नसते.

त्या पाठीमागच्या भिंतीचे कारण आहे, आणि ते तुच्छतेचे नाही. दोन्ही मनोरे आतल्या सभागृहाकडे तोंड करून आहेत, कारण रेवेल यांच्या कल्पनेत शहराच्या कारभाराचा मध्य म्हणजे निवडून आलेल्यांची सभा, आणि कचेऱ्यांनी तिला वेढून उभे राहायचे. वक्राकार बाहेरची भिंत भारही पेलते आणि वाऱ्यालाही तोंड देते. ग्रेट लेक्सच्या परिसरातला वारा अशा दोन वाकलेल्या पात्यांवर काय करील, याचा अभियंत्यांना बराच विचार करावा लागला. हे सारे मला पटते. तरीही हे सारे ठाऊक असलेला माणूस हॅगरमन गल्लीत उभा राहिला, की त्याला आधी जाणवते ती पाठच. अभियांत्रिकीचे कारण कितीही खरे असले तरी, ती पाठ नेमकी कोणत्या बाजूला करायची हे ठरवताना त्या बाजूला कोण राहते याचा विचार झाला होता का, हा प्रश्न मागे राहतो.

आतले वातावरण वेगळेच आहे. काचेची दारे ढकलून आत गेले की छत अपेक्षेपेक्षा खाली वाटते, आवाज मऊ होतात, आणि पुढे एक प्रचंड पांढरा खांब दिसतो. हा एकच खांब वरच्या सभागृहाला तोलून धरतो. त्याच्या पायथ्याशी जमीन गोलाकार खोल गेली आहे. युद्धांत प्राण गमावलेल्या शहरवासीयांच्या स्मरणाची ही जागा. नगरसेवक ज्या खोलीत रस्त्यांवर आणि करांवर वाद घालतात, तिचा सगळा भार मृतांच्या स्मरणाच्या जागेतून जमिनीत उतरतो, हे रेवेल यांनी योजून केले असावे असे मला वाटते. निदान पाहणाऱ्याला तरी ते तसे वाटल्यावाचून राहत नाही. दाराजवळच्या भिंतीवर डेव्हिड पार्ट्रिज यांचे ‘मेट्रोपोलिस’ हे भित्तिशिल्प आहे, 1977 सालचे, एक लाखाहून अधिक खिळे ठोकून केलेले. काही खिळे खोल, काही वर आलेले, त्यामुळे दिवसाचा उजेड फिरतो तशी त्यातली वस्ती दाट-विरळ होत जाते. येणारी-जाणारी माणसे त्यावरून हात फिरवतात. मीही फिरवला. धातू गार होता आणि खिळ्यांची डोकी बोटांखाली खडबडीत लागत होती. एका लहान मुलाने दोन्ही तळहात टेकवून कान लावला होता, आणि त्याची आई त्याला ओढून न घेता शांतपणे वाट पाहत होती.

वरचे सभागृह मोठे आहे आणि मोकळे आहे. मध्ये एकही खांब नाही, आणि नागरिकांची आसने नगरसेवकांना कवेत घेतल्यासारखी मांडलेली आहेत. ते बांधले तेव्हा टोरांटो आजच्यापेक्षा खूप लहान शहर होते. 1998 मध्ये आजूबाजूच्या पालिका त्यात विलीन करून एकच मोठे शहर केले गेले, तेव्हा इथे 57 नगरसेवक बसू लागले. पुढे ती संख्या 44 झाली, आणि प्रांतिक सरकारने, 2018 मध्ये ऐन निवडणुकीच्या धामधुमीत, ती 25 वर आणली, आणि तो वाद थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2021 मध्ये निकाल प्रांताच्या बाजूने लागला. खोली तीच, छत तेच. पण एकेका खुर्चीमागे आता दुपटीहून अधिक माणसे आहेत. लोकशाहीची मापे बदलतात तेव्हा बाहेरून काहीच हललेले दिसत नाही, हे तिथे बसल्यावर फार तीव्रतेने जाणवते.

चौकात हेन्री मूर यांचे कांस्यशिल्प आहे, ‘द आर्चर’ या नावाने ओळखले जाणारे. रेवेल यांची इच्छा होती की इथे मूर यांचे शिल्प असावे. तेव्हाचे महापौर फिलिप गिव्हन्स यांनी ती पूर्ण करायचे मनावर घेतले, परंतु नगरसभेने करदात्यांचा पैसा देण्यास नकार दिला. शहरात मोठा गदारोळ झाला: हे काय आहे, कशासारखे दिसते, यावर पैसे का घालायचे. गिव्हन्स यांनी खाजगी देणग्या गोळा करून 1966 मध्ये शिल्प आणलेच, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते निवडणूक हरले. या शिल्पाचा त्या पराभवातला वाटा मोठा मानला जातो. मूर यांना मात्र शहराची ही धडपड भावली. पुढे त्यांनी आपल्या कामांचा फार मोठा संग्रह आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टारिओला दिला आणि 1974 मध्ये तिथे त्यांच्या नावाचे स्वतंत्र दालन उघडले. आज मुले त्या शिल्पाच्या वळणांत हात घालून बसतात. ज्याच्यामुळे एका माणसाची कारकीर्द डळमळली, त्याच्या सावलीत लोक दुपारचे डबे खातात. चौकातच 1984 साली केलेली शांततेची बाग आहे, जिच्यातली ज्योत हिरोशिमाहून आणलेल्या निखाऱ्याने पेटवली गेली आणि जिच्या कुंडात नागासाकीचे पाणी ओतले गेले. या चौकाने कितीतरी दूरच्या ठिकाणांची आठवण आपल्यात सामावून घेतली आहे.

आणि याच चौकाखाली जवळची एक वस्ती आहे.

यंग स्ट्रीट, क्वीन स्ट्रीट, युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यू आणि कॉलेज स्ट्रीट यांच्या मधल्या भागाला सेंट जॉन्स वॉर्ड म्हणत, बोलण्यात नुसते ‘द वॉर्ड’. शहरात नव्याने आलेल्या आणि हातात फारसे काही नसलेल्या माणसाची ही पहिली पायरी होती. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे इथे राहिली, आयर्लंडच्या दुष्काळातून जगून आलेली माणसे राहिली, पुढे पूर्व युरोपातले ज्यू, इटालियन, आणि मग चिनी. लाकडी घरे एकमेकांना टेकून उभी, मागच्या अंगणांत आणखी घरे, एका नळावर अनेक बिऱ्हाडे. शहराच्या अधिकाऱ्यांनी या वस्तीची जी छायाचित्रे काढली ती रोगराई आणि दाटी दाखवण्यासाठी होती. पण त्याच छायाचित्रांत दाराशी बसलेल्या बायका कॅमेऱ्याकडे सरळ, न लाजता पाहतात. एलिझाबेथ स्ट्रीट ही या वस्तीतल्या चिनी जगाचा कणा होती. तिथे धोबीकामाची दुकाने होती, किराणा होता, वेगवेगळ्या कुळांच्या संघटनांच्या खोल्या होत्या, आणि नंतर ‘लीची गार्डन’सारखी मोठी उपाहारगृहे आली, जिथे शहरातले गोरे लोकही रात्री गर्दी करत. कॅनडाने 1923 पासून 1947 पर्यंत चिनी लोकांचे येणे कायद्याने जवळजवळ बंद केले होते, त्यामुळे या रस्त्यावर कितीतरी वर्षे पुरुषच अधिक दिसत. बायको-मुले समुद्रापलीकडे राहिलेली. तो कायदा गेला, कुटुंबे हळूहळू एकत्र येऊ लागली, आणि तेवढ्यातच शहराने नव्या सिटी हॉलसाठी ही जमीन ताब्यात घेतली. चायनाटाउनचा बहुतांश भाग पाडला गेला. दुकाने पश्चिमेकडे स्पाडायना ॲव्हेन्यूकडे सरकली, आणि एलिझाबेथ स्ट्रीटचे दक्षिणेचे टोक चौकाखाली आणि मनोऱ्यांखाली गेले.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो काळाचा हा मेळ. ज्या वर्षांत टोरांटोचे लोक मतदान करून ठरवत होते की आमचा सिटी हॉल निकृष्ट नको, ज्या वर्षांत विद्यार्थ्यांचे ऐकले जात होते, ज्या वर्षांत अल्पसंख्य समाजातून आलेला महापौर जगभरचे आराखडे मागवत होता, त्याच वर्षांत त्या जागेवर राहणाऱ्यांना मात्र आधीच ठरलेली गोष्ट सांगितली जात होती. इमारत कशी असावी यावर खुली, मोठी, देखणी चर्चा झाली. ती कुठे असावी, यावर तशी चर्चा झाली नाही. जमीन आधीच मोकळी धरली गेली होती. नेथन फिलिप्स यांच्याविषयी मला आदर आहे, आणि तो हे वाचून-समजून घेतल्यावरही कमी होत नाही. पण ज्या वॉर्डात त्यांच्याच समाजाचे कितीतरी लोक एका पिढीपूर्वी राहिले होते, तिथल्या नंतरच्या रहिवाशांचे काय होईल हे त्यांनी स्वतःला कधी विचारले असेल का, असे मनात येतेच. या दोन भावनांपैकी एकीला मी दुसरीसाठी बाजूला सारू शकत नाही. चौकात बसले की इमारत सुंदर दिसते, खरोखर सुंदर, आणि पाठीमागे गेले की रस्ता तुटलेला दिसतो.

उरलेले चायनाटाउनही पाडायचा विचार 1960 च्या दशकाच्या अखेरीस पुढे आला, तेव्हा मात्र गोष्ट वेगळी घडली. जीन लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेव्ह चायनाटाउन’ समिती उभारली, नगरसभेत जाऊन बाजू मांडली आणि उरलेला भाग वाचवला. जीन लम स्वतः एलिझाबेथ स्ट्रीटवर उपाहारगृह चालवत. पुढे ऑर्डर ऑफ कॅनडा हा देशाचा नागरी सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या चिनी-कॅनेडियन महिला ठरल्या. म्हणजे ज्या इमारतीसाठी त्यांच्या रस्त्याचा एक भाग गेला, त्याच इमारतीत, त्याच गोल छताखाली उभे राहून त्यांनी उरलेल्या रस्त्यासाठी भांडण मांडले आणि जिंकले. हे मला कळले तेव्हा सभागृहाकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

त्याच सुमारास बे स्ट्रीटपलीकडचा जुना सिटी हॉलही थोडक्यात वाचला. ई. जे. लेनॉक्स यांनी बांधलेली ती तपकिरी दगडांची, घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत 1899 मध्ये पूर्ण झाली होती. ईटन सेंटर या बाजारसंकुलाच्या पहिल्या योजनेत तिचा घड्याळाचा मनोरा आणि युद्धस्मारक तेवढे ठेवून बाकी सारे पाडायचे होते. नागरिकांनी जोरात विरोध केला आणि 1967 मध्ये ती योजना बारगळली. लेनॉक्स यांचे नगरसभेशी पटत नसे; इमारतीवर नाव कोरायला परवानगी मिळेना, तेव्हा त्यांनी छपराच्या कडेखाली दगडांच्या रांगेत स्वतःचे नाव कोरून घेतले. ते वाचायला मान बरीच मागे टाकावी लागते. तिथे अनेक वर्षे न्यायालय भरत असे. 2023 मध्ये जवळच आर्मरी स्ट्रीटवर नवी न्यायालयाची इमारत झाली. ती बांधण्याआधी, 2015 मध्ये, त्या जागी उत्खनन झाले आणि वॉर्डमधल्या घरांचे पाये निघाले, कृष्णवर्णीय समाजाच्या जुन्या ब्रिटिश मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चचे अवशेष निघाले, आणि पार्किंगच्या डांबराखाली इतकी वर्षे पडून राहिलेल्या बाटल्या, बाहुल्या, भांडी, बुटांचे तळवे बाहेर आले. सिटी हॉलखालच्या जमिनीला अशी संधी मिळाली नाही. साठच्या दशकात तिथे यंत्रे आली, भूमिगत वाहनतळ खणला गेला, आणि त्या रस्त्याचा तळ कोणी चाळून पाहिला नाही.

एका सकाळी मी सिटी हॉलमध्ये एका समितीच्या बैठकीला जाऊन बसले. नगरसभेच्या पूर्ण बैठकीत नागरिकांना बोलता येत नाही, पण समित्यांपुढे कोणालाही आधी नाव नोंदवून बोलता येते. साधारण पाच मिनिटे मिळतात आणि मग सदस्य प्रश्न विचारतात. खोली साधी होती, कागदांचा आणि कॉफीचा वास होता, पडद्यावर मिनिटे-सेकंद उलटे मोजले जात होते. विषय एका उंच निवासी इमारतीचा होता, जिच्यासाठी एका रस्त्यावरची जुनी, एकमजली दुकानांची रांग जाणार होती. विकासकाच्या वतीने आलेल्या बाईंनी चांगली मांडणी केली. घरांची गरज किती आहे हे सांगितले, आणि ते खोटे नव्हते. मग एक वयस्क गृहस्थ उठले. त्यांचा कोट जुना होता, हातातले कागद थरथरत होते, इंग्रजी सावकाश पण स्पष्ट होते. इमारतीला आपला विरोध नाही, असे त्यांनी आधीच सांगितले. त्यांचे म्हणणे एवढेच होते की अधिकाऱ्यांच्या अहवालात जमिनीच्या मालकाचे नाव आहे, मजल्यांची संख्या आहे, सावली कुठवर पडेल याचे नकाशे आहेत. पण तिथे भाड्याने दुकान चालवणाऱ्यांचा उल्लेख एका ओळीत, ‘विद्यमान व्यापारी वापर’ असा आहे. बांधकामाच्या काळात ही माणसे कुठे जातील आणि इमारत झाल्यावर त्यांना परत येता येईल अशा भाड्यात जागा मिळेल का, याची नोंद अहवालात असली पाहिजे.

एका नगरसेविकेने त्यांना विचारले की अशी नेमकी किती दुकाने आहेत. त्यांनी आकडा सांगितला नाही. त्यांनी कागद उलटला आणि रस्त्याच्या एका टोकापासून वाचायला सुरुवात केली: कपड्यांना अल्टरेशन करून देणारी बाई, कुलपे-किल्ल्यांचे दुकान, परदेशी पैसे पाठवून देणारी खिडकी, मासळी, फोन दुरुस्ती, दोन न्हाव्यांची दुकाने. पडद्यावरचे आकडे शून्यावर आले. अध्यक्षांनी त्यांना यादी पूर्ण करू द्यावी असे सुचवले, कोणी हरकत घेतली नाही, आणि ते शेवटच्या दुकानापर्यंत वाचत गेले. समितीने तो विषय त्या दिवशी मंजूर केला नाही. भाडेकरू दुकानदारांची माहिती जोडून अहवाल पुन्हा आणावा, असे ठरवून तो पुढच्या बैठकीकडे पाठवला.